रात्रीत वाढलेलं रबर

मी मूळचा मिरजेचा, गेली काही वर्षं न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये मेकॅनिक आहे. इकडं आल्यावर पहिल्यांदा रोटरी इंजिन हातात घेतलं, म्हणजे ज्यात पिस्टनच नसतो, तीन कोपऱ्यांचा रोटर आत फिरतो ते. आपल्याकडं ते बघायला सुद्धा मिळत नाही पण इथं माझदाच्या जुन्या आरएक्स-७ वर जीव टाकणारी पोरं गल्लोगल्ली आहेत.

तर असाच एक गाडीवाला, प्लंबिंगची कामं करणारा, वडिलांची एफडी, म्हणजे तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ घेऊन आला. इंजिन १३बी, दोन रोटर, एकेक ६५४ सीसीचा. थंड असताना स्टार्ट केली की पांढरा धूर आणि रोज थोडं थोडं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी. हे ऐकलं की रोटरीवाल्याला कळतं कूलंटचं सील गेलंय. साध्या इंजिनात पाणी आत जाऊ नये म्हणून हेड गॅस्केट असतं, या इंजिनला ते नसतंच. बिडाच्या तीन प्लेटा आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन हाउसिंग, असा सँडविचसारखा थर लावून १८ लांब बोल्टांनी आवळतात, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून प्लेटांच्या खाचेत बारीक रबराची सीलं बसवतात. बीड आणि ॲल्युमिनियम गरम झाल्यावर सारखं फुगत नाही, त्यामुळं त्या रबराला आयुष्यभर ओढाताण सोसावी लागते.

गाडीवाल्याने सीलांचा किट स्वतःच ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला, पाकिटावर रबर कुठलं ते काहीच नाही. मी पण विचारलं नाही, ही माझी चूक. शुक्रवारी संध्याकाळी प्लेटा धुवून पुसून खाचेत सीलं बसवली, व्हॅसलिन लावून. व्हॅसलिन का तर कंपनीच्या मॅन्युअलमध्येच पेट्रोलियम जेली लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे, कारण वरची प्लेट उलटी करून ठेवताना सील खाली पडू नये म्हणून चिकटपणा लागतो, आणि इंजिन तापलं की व्हॅसलिन वितळून निघून जातं. तिथं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर त्याचा राप मागं राहतो आणि रोटरच्या सीलांच्या फटीत गेला तर ती सीलं मोकळी हलत नाहीत. म्हणून ग्रीसला मी तिथं हातच लावत नाही.

शनिवारी सकाळी येऊन बघतो तर सील खाचेतून उठून उभं! एका बाजूला बोटभर कमान झालेली, दुसरीकडं लाट. काल बरोब्बर बसलेलं सील रात्रीत खाचेपेक्षा लांब झालं होतं. दाबून बघितलं तर इकडं बसवावं की तिकडं उठतंय. सोबतचा पोरगा म्हणाला दाबून वर प्लेट ठेवूया, बोल्ट आवळले की बसेल. मी म्हटलं नाही, कारण जिथं ते खाचेबाहेर असेल तिथं प्लेट त्याला कापणार, आणि गाडीवाला महिन्याभरात त्याच धुरासकट परत येणार.

किटमध्ये जास्तीचं एक सील होतं. त्याचे ५० मिमीचे चार तुकडे कापले, चार बाटल्यांत टाकले: व्हॅसलिन, इंजिन ऑइल, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेकच्या रबरांना लावतात ते लाल ग्रीस. सोमवारी वर्नियर लावून तुकडे मोजले. व्हॅसलिनमधला तुकडा ५३ च्या वर, ऑइलमधला त्याहून जास्त आणि हाताला मऊ. बाकीचे दोन जसेच्या तसे. म्हणजे रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं, पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल यानं त्याला काही होत नाही, पण खनिज तेल लागलं की स्पंजासारखं पितं. कंपनीच्या सीलांचं रबर वेगळं असतं, त्याला जेली चालते. दिसायला दोन्ही काळीच. आणि सिलिकॉन ग्रीस सगळ्यावर चालतं असंही नाही, सील स्वतः सिलिकॉन रबराचं असेल तर ते सिलिकॉन ग्रीसनेच फुगतं.

मला वाटलं सुटलं कोडं, सिलिकॉन ग्रीस लावून बसवूया. दुपारी जेवताना अण्णांना फोन केला, तिकडं सकाळ. अण्णांचं मिरजेत टेम्पोचं गॅरेज होतं, ब्रेकच्या रबरांना ते एरंडेल लावायचे, इंजिन ऑइलचा हात सुद्धा लागू द्यायचे नाहीत. (ते लाल ग्रीस पण एरंडेलावरच बनतं हे मला इथं आल्यावर कळलं.) सगळं ऐकून म्हणाले,

"लावताना काय लावतोस ते ठीक आहे रे, पण ते रबर नंतर कशात राहणाराय?"

"पाण्यात, अण्णा. कूलंटची सीलं आहेत."

"किटमधली सगळीच?"

मी गप्प. कारण त्याच किटमध्ये रोटरच्या ऑइल कंट्रोल रिंगांच्या (ऑइल चेंबरमध्ये जाऊ न देणाऱ्या रिंगांच्या) ओरिंगा, म्हणजे रबरी कडी होत्या, प्रत्येक रोटरच्या प्रत्येक बाजूला दोन, आणि त्या जन्मभर गरम इंजिन ऑइलमध्येच. परत येऊन त्यातली एक ऑइलमध्ये टाकली, दुसऱ्या दिवशी ती पण फुगलेली. ती खाचेत फुगली असती तर रिंग जाम झाली असती, ऑइल चेंबरमध्ये गेलं असतं, निळा धूर, इंजिन पुन्हा खाली. कूलंटच्या सीलांना सुद्धा आतल्या बाजूने जळता गॅस लागतोच. म्हणजे ग्रीस बदलून भागणारच नव्हतं, अख्खा किटच चुकीचा.

गाडीवाल्याला बोलावून चारही बाटल्या दाखवल्या. त्याला पुढच्या शनिवारी बहिणीच्या लग्नात गाडी न्यायची होती, चेहरा पडला त्याचा, मला फार वाईट वाटलं. पण ऑइलमधला तो मऊ तुकडा बोटात धरून बघितला आणि म्हणाला ओरिजिनल मागव. ओरिजिनल यायला नऊ दिवस लागले, लग्न हुकलं.

ओरिजिनल सीलं आली तरी आधी एक रात्र व्हॅसलिनमध्ये एक ओरिंग ठेवली, सकाळी मापली, काही फरक नाही. मगच बसवली. पातळ हात, नुसता चिकटण्यापुरता. त्याच दिवशी प्लेटा रचून बोल्ट आवळले, रात्रभर उघडं ठेवलं नाही. कूलंटच्या बाजूने प्रेशर टेस्टर लावून तासभर काटा बघत बसलो, हलला नाही.

पहिल्यांदा स्टार्ट केलं तेव्हा भसाभसा पांढरा धूर निघाला आणि गाडीवाला घाबरून माझ्याकडं बघायला लागला. म्हटलं थांब, हे व्हॅसलिन आणि बसवतानाचं ऑइल जळतंय. आम्ही दोघं मागं उभे राहून सायलेन्सरकडं बघत होतो, वीसेक मिनिटांनी धूर विरळ झाला, मग दिसेनासाच झाला, आणि त्याने व्हिडिओ कॉल लावून वडिलांना आवाज ऐकवला.