इंग्रजी गोषवारा लिहिताना : माझा अनुभव

कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पतींच्या बिया प्रयोगशाळेत कशा रुजतात, हा माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा विषय होता. निबंध तयार झाला तरी जर्नलला हवा असलेला २५० शब्दांचा इंग्रजी गोषवारा काही केल्या जमेना. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी उपपदांची धास्ती होतीच. पण ते शेवटी कोणीही तपासून देऊ शकतो. कोणते वाक्य कशासाठी आहे, हे मात्र लेखकालाच ठरवावे लागते.

माझ्या मार्गदर्शकांनी खर्डा दुरुस्त करून देण्याऐवजी त्याच जर्नलमधील छापील गोषवारे वाचून प्रत्येक वाक्याचे काम समासात लिहायला सांगितले. भाषा-अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतील टप्पे मांडले होते : आधी विषयाचे क्षेत्र, मग त्यातील उणीव आणि नंतर ती भरून काढणारे आपले काम. आमच्या विषयातील गोषवाऱ्यांत पहिले दोन टप्पे एक-दोन वाक्यांत उरकलेले दिसले आणि सर्वांत जास्त जागा निष्कर्षांना, तीही आकड्यांसह, दिलेली होती. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हे वाक्य मला फार प्रिय होते. पण ते जर्नल वाचणाऱ्याला त्यातून नवे काहीच कळणार नव्हते, म्हणून ते काढले.

वैद्यकीय नियतकालिकांत १९८७ पासून मथळे देऊन लिहिलेल्या गोषवाऱ्यांचा आग्रह सुरू झाला. ते मथळे पाहताना शाळेतील प्रयोगवही आठवली : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी याच शब्दांखाली मराठीत एकेक-दोन वाक्ये लिहिली, मग ती इंग्रजीत मांडली आणि शेवटी मथळे पुसून टाकले. ‘आधी इंग्रजीतच विचार करा’ हा सल्ला मला तरी उपयोगी पडला नाही.

अडचण आली ती वाक्यरचनेत. ‘सड्यावरून गोळा केलेल्या, सावलीत वाळवलेल्या आणि कागदी पिशव्यांत साठवलेल्या बियांचे अंकुरण अभ्यासले’ हे मराठीत सहज वाचता येते, कारण क्रियापद शेवटी येणार हे वाचकाने गृहीतच धरलेले असते. हाच क्रम इंग्रजीत ठेवला की कर्ता लांबत जातो, क्रियापद फार उशिरा येते आणि तेही ‘अभ्यासले गेले’ एवढेच सांगते. म्हणून कर्ता आखूड ठेवून क्रियापद पुढे आणले आणि साठवणुकीचा तपशील निबंधातच राहू दिला.

अनुमानाच्या वाक्याला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रयोगवहीत ‘यावरून सिद्ध होते की’ असे लिहिण्याची सवय होती. पण पेट्री डिशमध्ये रुजलेल्या बियांवरून उघड्या सड्यावरील वर्तन सिद्ध होत नाही. म्हणून निरीक्षणे भूतकाळात ठामपणे सांगितली आणि सड्याविषयीच्या वाक्यात ‘सजेस्ट’ हे क्रियापद घेतले. काही सहकाऱ्यांना हा भित्रेपणा वाटला. माझ्या मते पुरावा जेवढा, तेवढेच बोलणे होते.

समीक्षकांनी गोषवाऱ्याबाबत एवढेच सुचवले की बियांची संख्या आणि तापमान द्यावे. शब्दमर्यादा संपलेली असल्याने पार्श्वभूमीचे उरलेले वाक्य निम्मे करून हे आकडे घातले.