१८० चा आकडा आणि चोंदलेलं छिद्र

एस्प्रेसोच्या यंत्राला पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफीची पूड भरायचं दांड्याचं भांडं, न लावताच पंप सुरू केला आणि दाबाचा काटा थेट नऊ बारवर जाऊन बसला. समोर कॉफीच नाही, पाण्याला अडवणारं काही नाही, मग काटा एवढा चढतोय कशाला? ग्रुपमधून, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडतं त्या तोंडातून, पाणी मात्र वॉशर गेलेल्या नळासारखं थेंब थेंब. त्याआधी दोन आठवडे मी बिचाऱ्या ग्राइंडरला शिव्या घालत होते. जाड दळ, आणखी जाड दळ. पूड वाळूसारखी खरखरीत झाली तरी शॉट, म्हणजे कपात उतरणारी कॉफी, रडतखडतच.

यंत्र थंड होऊ दिलं आणि ग्रुपवरचं बूच उघडलं. आत जिक्लर नावाचं इवलंसं नोझल असतं, त्याचं छिद्र मिलिमीटरपेक्षाही बारीक. त्यात पांढरा खडा बसला होता. टाचणीने टोकरला तर कुरकुरला.

राग आला, कारण मी हयगय केली नव्हती. यंत्र आणलं त्याच दिवशी पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, बुडवलं होतं. आकडा १८०. एस्प्रेसोला १५० च्या आसपास टीडीएस चांगला, असं वाचलेलं होतं, त्यामुळे थोडा जास्त असला तरी चालेल म्हणून निश्चिंत झाले. शिवाय कार्बन फिल्टर होताच. कार्बन क्लोरीनचा वास छान घालवतो, पण कॅल्शियमला हातही लावत नाही, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

मीटर खोटं बोललं नाही, मीच त्याला भलता प्रश्न विचारला. ते क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं आणि त्यावरून अंदाज सांगतं. त्याला सोडियम काय आणि कॅल्शियम काय, सगळे सारखेच. यंत्राचा गळा आवळतो तो मात्र कॅल्शियम, तोही बायकार्बोनेटची साथ असेल तेव्हा. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. या बयेचं उलटं, पाणी जितकं कढत तितकी ती कमी विरघळते.

शाळेत ‘दुष्फेन पाणी’ घोकलं होतं, ज्यात साबणाला फेस येत नाही ते. कॉफीशी त्याचा संबंध येईल असं कुणी सांगितलं असतं तर तो धडा नीट वाचला असता.

मग माशांच्या टाकीसाठी मिळणारे थेंबांचे दोन संच आणले. एक कठीणपणा मोजणारा, दुसरा क्षारता, म्हणजे ते बायकार्बोनेट. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं आणि रंग पालटला की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम. माझ्या पाण्याचा कठीणपणा ९ थेंब, म्हणजे १६० च्या घरात. क्षारता ८ थेंब, १४२. खडा कुठून आला ते कळलं.

पहिला उपाय म्हणून यंत्राच्या पाण्याच्या टाकीत रेझिनची पिशवी सोडली. ती कॅल्शियम धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. दुसऱ्या दिवशी कठीणपणा एका थेंबावर आला. टीडीएस मीटरवर? १७८. हे बघून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. पण कॉफी मुकी झाली होती. खरं तर ती आधीपासूनच मुकी होती, मी लक्ष दिलं नव्हतं इतकंच. सोडियमवाली रेझिन क्षारता जशीच्या तशी ठेवते, आणि तेवढं बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं गिळून टाकतं. फळासारखी चव देणाऱ्या बिया आणाव्यात आणि कपात खडूची चव यावी, असं चाललं होतं.

चिडून दुसऱ्या टोकाला गेले आणि टाकीत नुसतं आरओचं पाणी ओतलं. कॉफी आंबट, टोकदार. तेही सोसलं असतं, पण तिसऱ्या दिवशी वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पाणी थुंकायला लागलं आणि पंप थांबायचं नाव घेईना. बॉयलरमधली पातळी एक धातूची सळई ओळखते, पाण्यातून वीज वाहिली की. या पाण्यात वीज वाहून न्यायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे सळईच्या लेखी बॉयलर रिकामा, आणि यंत्र भरतंय, भरतंय.

आता मी आरओच्या तीन भागांत नळाचा एक भाग मिसळते. कठीणपणा ४० च्या आसपास, क्षारता ३५. मोजताना ५ ऐवजी १० मिली पाणी घेते, म्हणजे एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि फरक नीट कळतो. आणखी एक फायदा म्हणजे क्लोराइडही चौथ्या हिश्श्यावर येतं. क्लोराइड आणि क्लोरीन वेगळे. क्लोराइड ना कार्बनला जुमानतं ना रेझिनला, आणि स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं. फक्त चुन्याकडे बघत बसलं की हे सुटतं.

नळाचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं आणि मिश्रणाचं गणित बिघडतं, तेव्हा दुसरी युक्ती. अर्ध्या लिटर आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि त्यातलं १० मिली लिटरभर आरओच्या पाण्यात टाकायचं. क्षारता ५० येते, कठीणपणा शून्य. कॅल्शियमच नाही, तर चुना कुठून येणार? सळईलाही पाणी दिसतं. नुसत्या एस्प्रेसोला मला मिश्रणाचं पाणी किंचित भरीव वाटतं, दुधाच्या कॉफीत फरक कळत नाही. बाटलीवर चिठ्ठी मात्र हवीच. एकदा घरातल्यांनी ते पाणी झाडांना घातलं.

वाफेचा बॉयलर मात्र मिश्रणाच्या पाण्यावरही सांभाळावा लागतो. वाफ कोरी निघून जाते, क्षार आत साठत राहतात. म्हणून दर आठवड्याला गरम पाण्याच्या नळातून तो बराचसा रिकामा करते आणि ताजं पाणी भरू देते. सायट्रिक अॅसिडने तो धुवायचा मोह अजून आवरला आहे. सुटलेला पापुद्रा वाहत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकला, तर आता ज्याला हात लागतो तो खडा जिथे हात पोचत नाही तिथे जाऊन बसेल. जिक्लर तेवढा काढून त्या द्रावणात बुडवला होता. वीस मिनिटं फसफसत होता.

किटलीत मात्र मुद्दाम नळाचंच पाणी घालते. तिच्या तळाशी पांढरा थर दिसायला लागला की थेंबांचा संच बाहेर काढते.