केदारकंठा, ताज्या बर्फात: ठाणेकर ट्रेकर्ससाठी

येऊर, मुंब्र्याचा डोंगर, माळशेजकडच्या घाटवाटा यांवर पाय तयार झालेल्यांना एक सवय जडलेली असते: नाळ (डोंगरातली अरुंद, उभी घळ) दिसली की घुसायचं. बर्फात ही सवय घरीच ठेवून जा. वाऱ्याने उडालेला बर्फ नाळेतच साचतो आणि सुटला की तिथूनच खाली येतो.

मार्चमध्ये आमचा ठाण्याचा ग्रुप उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या पायथ्याच्या गावी, सांकरीला गेला. डेहराडूनहून गाडीने अख्खा दिवस मोडतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढची सीट धरावी. वाटेतल्या जुडा का तालाव या तळ्यापर्यंत जंगलातली सोपी चाल. बेस कॅम्पला मात्र रात्रभर बर्फ पडला. ताज्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, म्हणून सांकरीच्याच गाइडने चढाई एक दिवस पुढे ढकलली. रजा संपत आलेल्यांनी कुरकुर केलीच.

दुसऱ्या पहाटे झाडी संपल्यावर, एका उताराच्या अलीकडे त्याने थांबवलं आणि फावड्याने खड्डा खणला. वर घट्ट थर, खाली खडीसाखरेसारखे सुटे दाणे. मूठभर दाबून पाहिले, गोळा होईना. हातमोज्यातून घरंगळून गेले. म्हणजे वरचा सगळा थर या दाण्यांवर नुसता टेकलेला. मोबाइलवर उतार मोजला तर 35 अंशांच्या आसपास. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावरच सुटतात. ‘ऊपर नहीं,’ एवढंच म्हणून तो वळला. सुमारे 3,800 मीटरचं शिखर समोर दिसत होतं. तरी माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर.

आधीच्यांच्या पावलांवर विसंबू नका. चार जण सुखरूप गेले तो उतार पाचव्याच्या वजनाने सुटू शकतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा बर्फात चीर धावत गेली, तर तिथूनच मागे फिरा. जंगलात मधेच वरून खाली झाडं नसलेला पट्टा दिसला तर ती हिमस्खलनाची वाट समजा, तिथे जेवायलासुद्धा बसू नका. आणि ‘गाइड आहे ना’ हे उत्तर पुरत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली ती उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगची प्रशिक्षण तुकडी होती, प्रशिक्षकांसकट.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधण्यासाठी सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा बरी असते, पुढे ती झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही, शोधायचं सोबत्यांनीच. सराव इथेच करा: येऊरच्या पाचोळ्यात एक चालू ट्रान्सीव्हर पिशवीत घालून लपवा आणि घड्याळ लावून शोधा. मोबाइल त्याच्यापासून निदान वीतभर लांब ठेवा, शोधताना हातभर. नाहीतर सिग्नल बिघडतो. भाड्याने घेतलात तर सेल स्वतः बदला, अल्कलाइनच टाका. आणि परतीचं तिकीट काढताना मधे एक दिवस मोकळा ठेवा. आमच्याकडे होता, म्हणून भांडण कुरकुरीवरच थांबलं.