चोच उघडी आहे का?

कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, तेच माझं ऑफिस. खालून दिवसभर तांब्याच्या भांड्यांवरच्या मठारकामाचे ठोके येत असतात. नव्या माणसाचं पाच मिनिटांत डोकं उठतं. मला ते थांबले की चुकल्यासारखं होतं. पंधरा वर्षं छापील पुस्तकांचं डीटीपी केलं आणि आता सहा वर्षं छोट्या ऑनलाइन मासिकांची मांडणी करते. छोटी म्हणजे खरंच छोटी. एक निवडुंगवाल्यांचं, एक जुनी नाणी जमवणाऱ्यांचं, एक किल्ले भटकणाऱ्यांचं, एक पक्षी बघणाऱ्यांचं. एकाचेही वाचक हजारावर नाहीत. नातेवाईक विचारतात, एवढ्याशा लोकांसाठी कोण मासिक काढतं? त्यांना या वाचकांची पत्रं दाखवायला हवीत.

नाण्यांच्या अंकात मी एकदा पान नीट बसावं म्हणून फोटोची खालची कड जराशी कापली. जराशीच. पण आपल्या नाण्यावर सालाच्या खाली टाकसाळीची खूण असते: मुंबईची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब, आणि खूणच नसेल तर कोलकाता. दोन दिवसांत बावीस पत्रं. एकानं एवढंच लिहिलं होतं, "बाई, तुम्ही टाकसाळच कापलीत." निवडुंगवाल्यांच्या अंकात फोटो थोडा उजळ केला, तर विचारणा आली की झाड उन्हानं भाजलंय की तुम्ही भाजलंत. लाखभर वाचकांच्या वर्तमानपत्राची चूक लोक चहाबरोबर गिळतात. इथं प्रत्येक वाचक त्या विषयातला पंच असतो.

तर, २०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. ३ तारीख, शुक्रवार. पक्ष्यांचा दिवाळी अंक ५ तारखेला निघायचा होता. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, म्हणून २०२० पासून राज्यात हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या वर्षी १२ तारखेलाच लक्ष्मीपूजन होतं, त्यामुळे आमचे संपादक भलतेच खुशीत होते. ते बँकेतून निवृत्त झालेत, बिनपगारी संपादक आहेत, आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. अंक तयार होता. पुस्तकासारखी पानं उलटणारा, आणि पान उलटताना 'सर्रर्' असा खऱ्या कागदाचा आवाज येणारा. पावसाळी अंकाच्या वेळी तो आवाज शोधण्यात मी अर्धा दिवस घालवला होता.

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला.

"ताई, मी मिरजेहून बोलतोय. तुमचा पावसाळी अंक काय ऐकता येईना."

मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "काका, आमचा अंक वाचायचा असतो. ऐकायचा नाही."

"मी ऐकूनच वाचतो की. मला दिसत नाही."

पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही. ते मात्र मजेत होते. म्हणाले, थांबा, तुम्हालाच ऐकवतो, आणि त्यांनी फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी धरला. त्यांच्याकडे एनव्हीडीए होता. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली लिहायला घेतलेला, फुकट मिळणारा आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्यातून माझा अंक असा ऐकू आला: "एफ, के, डॉलर, कंस सुरू, एल, एल, ग्राफिक, ग्राफिक."

"आणि हे बघा," असं म्हणून त्यांनी कळ दाबली. सर्रर्.

"पान उलटायचा आवाज मात्र एक नंबर जमलाय. आठ-दहा वेळा ऐकला."

दोष माझ्या जुन्या सवयीचा होता. आम्ही डीटीपीवाले ज्या फाँटांवर वाढलो, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला 'क' दिसतो, आत मात्र कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचं घर देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमचे निम्मे लेखक अजून जुन्यातच टाइप करून पाठवतात आणि मीही तेच पुढं ढकलत होते. जे लेख युनिकोडात होते, त्यांचीही पीडीएफमध्ये वाट लागली होती. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी काढतात, पण साठवणीत ती क च्या नंतर असते. पीडीएफ आकार जपते, क्रम जपेलच असं नाही. डोळ्याला याचा पत्ताच लागत नाही. कानाला पहिल्या शब्दापासून लागतो.

मी तोंडातल्या तोंडात सॉरी म्हटलं आणि मग न राहवून विचारलंच, "काका, पक्ष्यांचंच मासिक का?" आता आठवलं तरी कसंतरी होतं.

ते हसले. "पक्षी तुम्हाला तरी दिसतो किती वेळ? असतो पानाआड. ऐकू किती वेळ येतो ते सांगा."

हे खरंच आहे. सरांबरोबर सिंहगडाच्या पायथ्याला दोन-तीनदा गेले आहे. निम्म्याहून जास्त पक्ष्यांची नोंद ते दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून करतात. काका संगीत शिक्षक होते, आता शिकवण्या करतात आणि सतारमेकर गल्लीत कुणी बोलावलं तर तंबोरे लावून देतात. त्यांनी आपल्या परसातली सकाळ सांगितली: आधी दयाळ, अंधार असतानाच; मग बुलबुल; मग शिंपी, जीव केवढा आणि आवाज केवढा; आणि ऊन वर आलं की भारद्वाज, "आमच्या खर्जाच्या तारेसारखा." ब्रेलमध्ये २००८ पासून निघणारं 'स्पर्शज्ञान' ते बोटांनी वाचतात. पण एवढं सगळं पक्ष्यांवरचं मराठीत एका जागी कुठं मिळणार, म्हणून पुतणीनं आमचा अंक लावून दिला होता.

मध्येच थांबून म्हणाले, "तुमच्या मागं हे ठोके कसले हो? तांब्यावर पडतायत ना?"

मी सांगितलं. मग म्हणाले, "आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तांबटच आहे म्हणे. कसा बसलाय?"

तांबटाला तांबट म्हणतात ते त्याच्या आवाजामुळं, टुक टुक टुक, एका लयीत, तांब्यावर हातोडी पडल्यासारखा. चिमणीपेक्षा किंचित मोठा. मुखपृष्ठ माझ्यासमोरच होतं. मी म्हटलं, "फांदीवर बसलाय. फार सुंदर आहे."

"सुंदर ते माझं मी ठरवतो. दिसतंय काय ते सांगा."

हिरवी पाठ. कपाळावर लाल. डोळ्याभोवती पिवळं, गळा पिवळा, त्याखाली लाल पट्टा. पोटावर हिरवट रेघा. लाल पाय. चोच जाड. मी वाचल्यासारखं सांगत गेले.

"चोच उघडी आहे का?"

पाहिलं. "नाही. बंद."

"मग गप्प बसलाय की बोलतोय?"

गप्पच असणार, असं मी म्हणणार होते. पण सहज फोटो मोठा केला. गळ्याच्या बाजूला पिसं विरळ होऊन कातडी उघडी पडली होती आणि तिथं फुगवटा आलेला दिसत होता, लहान मुलानं गाल फुगवावा तसा. डोकं किंचित पुढं झुकलेलं. हा फोटो तीन आठवडे माझ्या पडद्यावर होता. त्याच्या कडा मी छाटल्या होत्या, त्यावर अंकाचं नाव बसवलं होतं, नावातला एक काना शेपटीवर येत होता म्हणून दोनदा सरकवला होता. गळा मी पाहिलाच नव्हता.

"काका, चोच बंद आहे आणि गळा फुगलाय."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे खरंच मिटल्या तोंडानं!" ते कुणाला तरी घरात हाक मारून सांगायला लागले. मग मला कळलं ते असं: तांबट चोच मिटून ओरडतो हे त्यांना एका पक्षीमित्रानं वीसेक वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांच्या एका सतारमेकर मित्राला ते पटलं नव्हतं; एवढा टणक आवाज बंद तोंडातून निघणार कसा? काका विद्यार्थ्यांना मिटल्या ओठांनी षड्ज लावायला सांगतात, त्यामुळं त्यांचा विश्वास होता, पण पुरावा नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणायचा, हो, तांबट आहे, फार सुंदर आहे.

फोन ठेवल्यावर मी सरांना सांगितलं की अंक ५ तारखेला निघेल, पण असा नाही. ते आधी चिडले. मग मी त्यांना काकांचा नंबर दिला. अर्ध्या तासानं सरांचाच फोन, "काय करायचं ते कर. आणि त्या माणसाला लिहायला सांग आपल्याकडे."

दोन दिवस मी घरी फक्त झोपायला गेले. सगळे लेख युनिकोडात आणून साध्या वेबपानांवर टाकले. काकांनी शिकवलं की जाड अक्षर केलं म्हणजे शीर्षक होत नाही. आत ते शीर्षक म्हणून नोंदवावं लागतं, मग 'एच'ची कळ दाबत ते शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत जाऊ शकतात. नाहीतर प्रत्येक वेळी संपादकीयापासून ऐका. (आमचं संपादकीय लांब असतं. सर हे वाचतीलच.) फाँट बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं आपली करामत दाखवली ती वेगळीच: 'दऱ्या'चं त्यानं सगळीकडं 'दर्या' केलं, आणि काकांचा यंत्रातला आवाज सह्याद्रीच्या दर्यात उतरून नवरंग शोधायला लागला. ऱ्य आणि र्य हाताने तपासले, एकेक.

खरं काम फोटोंचं होतं. एकेचाळीस फोटो. प्रत्येक छायाचित्रकाराला कळवलं: फोटोत काय दिसतंय ते दोन-तीन ओळींत लिहा, 'सुंदर', 'मनमोहक', 'अप्रतिम' चालणार नाही. एकानं उत्तर पाठवलं की माझा फोटो सांगायचा नसतो, बघायचा असतो. एकानं सव्वादोनशे शब्द पाठवले, त्यात पक्षी शेवटच्या ओळीत. बहुतेकांनी मात्र मुकाट्यानं लिहिलं आणि तीन-चार जणांनी नंतर फोन करून कबूल केलं की लिहिताना फोटो नव्यानं बघावा लागला.

भिगवणच्या एका फोटोचं वर्णन मी शनिवारी संध्याकाळी सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते पीएमटीत होते, फोटो समोर नव्हता. नाव 'लहान बगळा'. वर्णन: पाण्यात उभा, मान ताणलेली, चोच पिवळी, पाय काळे, बोटंही काळी.

"परत वाच."

वाचलं.

"लहान बगळ्याची चोच काळी असते आणि बोटं पिवळी. हा मध्यम बगळा आहे. हा फोटो मी स्वतः निवडलाय?"

स्वतःच निवडला होता. महिनाभर तो आमच्या चौघांच्या डोळ्यांखालून जात होता आणि आम्ही सगळे नाव वाचून पक्षी बघत होतो. गर्दीच्या बसमध्ये, कानानं, तो पकडला गेला. ती पत्रं आली असती तर नाण्यांची बावीस पत्रं फिकी पडली असती.

रविवारी सकाळी काकांनी सगळा अंक तपासला. आवाजांचं एक पान आम्ही ऐनवेळी घातलं होतं. त्यात एका सभासदानं कोकणातून पाठवलेला दयाळ होता. काका म्हणाले, "दयाळ झकास. मागं शिंपी आहे, तो पण लिहा. आणि सगळ्यात मागं एसटी रिव्हर्स घेतीय, ती नाही लिहिलीत तरी चालेल." मी पाच वेळा ऐकल्यावर मला शिंपी सापडला. एसटी अजून सापडलेली नाही.

तांबटाच्या फोटोखाली काय लिहायचं यावर आमचं बराच वेळ चाललं. शेवटी असं ठरलं: "वाळक्या फांदीवर बसलेला तांबट, बाजूनं घेतलेला फोटो. पाठ हिरवी, कपाळ लाल, गळा पिवळा. चोच मिटलेली. गळ्याची बाजू फुगलेली, म्हणजे तो ओरडतो आहे." मला 'ओरडतो' खटकत होतं. 'गातो' करू का, म्हणून विचारलं. काका म्हणाले, गाणं आमच्याकडं येऊन ऐका, हा ठोके देतो.

अंक रात्री अकराला निघाला. सोमवारी सकाळी, खाली पहिला हातोडा पडायच्या आत, मिरजेचा फोन.

"ताई, अंक अथपासून इतिपर्यंत ऐकला. दोन जागी वेलांटी चुकलीय, ती सांगतो. पण आधी एक तक्रार आहे."

"बोला काका."

"तो पान उलटायचा आवाज का काढलात?"