सील बदललं, गळती तशीच

डर्ट बाइकच्या डाव्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेंशनच्या डाव्या पायावर, तेलाचं कडं दिसलं, तेव्हा बहुतेक जण करतात तेच मी केलं. धूळ अडवणारं डस्ट सील खाली सरकवलं आणि पातळ प्लास्टिकची पट्टी आतलं तेल अडवणाऱ्या ऑइल सीलच्या ओठाखाली, म्हणजे नळीला चिकटणाऱ्या रबरी कडेखाली, घालून नळीभोवती फिरवली. पट्टीबरोबर बारीक चिखल बाहेर आला. हा उपाय पुष्कळदा पुरतो, कारण अनेक वेळा सील फाटलेलं नसतं, ओठाखाली कचरा अडकल्यामुळे ते उघडं राहिलेलं असतं. माझ्या बाबतीत तो दोन दिवस टिकला. मग नवं सील बसवलं. तिसऱ्या राइडनंतर तेल पुन्हा खाली उतरलं आणि या वेळी ब्रेक डिस्कपर्यंत पोचलं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, फोर्कच्या डाव्याच पायाला असतो. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ झाली, पण तेल प्यायलेले पॅड मी सरळ टाकून दिले. त्या पॅडवर भरवसा ठेवून उतार उतरण्यात काही अर्थ नव्हता. आणि एक गोष्ट मनात पक्की झाली: नवं सील इतक्या लवकर हरत असेल, तर त्याला हरवणारं काहीतरी आत किंवा नळीवर आहे. ते सापडेपर्यंत तिसरं सील घालायचं नाही.

माझे फोर्क उलटे, म्हणजे जाड नळी वर हँडलखालच्या क्लॅम्पमध्ये आणि क्रोमची बारीक नळी खाली चाकाशी. आत ओपन कार्ट्रिज, म्हणजे फोर्कच्या हालचालीला तेलाचा अडथळा देणारी यंत्रणा. सुरुवातीला वर रिबाउंडचा (फोर्क उसळून परत येण्याचा वेग ठरवणारा) आणि तळाशी कॉम्प्रेशनचा (दबण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू पूर्ण आत फिरवत क्लिक मोजले, कागदावर लिहिले आणि दोन्ही पूर्ण मोकळे केले. पुढचं चाक काढलं, कॅलिपर तारेने टांगला. तो होजवर लोंबकळू द्यायचा नाही. वरच्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले केल्यावर, खालचे घट्ट असतानाच फोर्कचं वरचं टोपण अर्धा फेरा सैल करून घेतलं. फोर्क हातात आल्यावर ते सोडवायला गेलं की नळी नुसती गरगर फिरते.

तेल ओतलं तेव्हा ते करड्या रंगाचं होतं आणि उजेडात चमचमत होतं. ती चमक धातूच्या कणांची. कुठेतरी धातूवर धातू घासत होता. डस्ट सील आणि ऑइल सील जागी धरणारी तारेची कडी, सर्क्लिप, काढून दोन्ही नळ्या एकमेकींपासून झटके देत ओढल्या. चार-पाच झटक्यांत बुश (दोन नळ्या एकमेकींवर सरकतात ते कडं), वॉशर आणि सील एकत्र बाहेर आलं. बुशच्या आतल्या टेफ्लॉनच्या थराकडे पाहिलं आणि अर्धं उत्तर मिळालं: पुढच्या आणि मागच्या बाजूला थर पूर्ण गेलेला, खाली तांबूस धातू उघडा. ब्रेक लावताना आणि खड्ड्यात आदळताना नळी पुढे-मागेच दाबली जाते, म्हणून झीज तिथेच होते. बुश असा झिजला की नळी आत हलू लागते. सीलचा ओठ थोडी हालचाल सांभाळतो, पण रोजची हालचाल त्याच्या आवाक्याबाहेरची. मागच्या वेळी मी फक्त सील बदललं होतं, बुश पुसून तसेच परत घातले होते.

उरलेलं अर्धं उत्तर डोळ्यांना दिसत नव्हतं. क्रोमची नळी साफ पुसून तिच्यावरून कापूस फिरवला. एका ठिकाणी कापसाचे धागे अडकले. नख फिरवल्यावर तिथेच खट्ट लागलं. दगडाचा घाव, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पण कड वर उचललेली. हीच कड प्रत्येक आदळण्याला सीलच्या ओठावरून जात होती. 2000 नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून नळीभोवती आडवा फिरवला. उभा घासला तर तेलाला वर-खाली जायला चरे तयार होतात. घासायची ती फक्त वर आलेली कड. खड्डा राहिला तरी चालतो, नख अडकता कामा नये. क्रोमचा पापुद्राच सुटला असता तर नळी पुन्हा क्रोम करून घेण्याशिवाय किंवा बदलण्याशिवाय मार्ग नव्हता. सपाट काचेवर ठेवून नळी हलकेच फिरवली, वाक दिसला नाही.

जोडणीत क्रम चुकवून चालत नाही. नळीच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ओढून तेल लावलं, कारण बुश बसायच्या खाचेची धारदार कड नव्या सीलचा ओठ कापू शकते. आधी डस्ट सील, मग सर्क्लिप, ऑइल सील, वॉशर, बाहेरचा बुश, आणि पिशवी काढल्यावर सगळ्यात शेवटी नळीच्या खाचेतला बुश. सील ड्रायव्हर या ठोकायच्या अवजाराने सील समान ठोके देत बसवलं. सर्क्लिप खाचेत सगळीकडून बसली, तेव्हाच सील पूर्ण आत गेल्याची खात्री झाली.

तेल भरण्याला मी मुद्दाम सगळ्यात जास्त वेळ दिला. 5डब्ल्यू (तेलाच्या जाडीचा नंबर) लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं सारखी पातळ असतीलच असं नाही, म्हणून डब्यावरचा 40 अंश सेल्सिअसचा सेंटिस्टोकचा, म्हणजे प्रत्यक्ष जाडीचा, आकडा मॅन्युअलशी जुळवून पाहिला. तेल ओतून कार्ट्रिजचा रॉड सावकाश, पूर्ण वर-खाली केला. सुरुवातीला मधेच रॉड पोकळ जातो, ती आत अडकलेली हवा. दहा-बारा वेळा केल्यावर संपूर्ण लांबीत सारखा अडथळा लागला. बाहेरची नळीही वर-खाली केली, म्हणजे दोन बुशांमधली जागा भरते. मग दहा मिनिटं तसंच उभं ठेवलं. स्प्रिंग बाहेर आणि फोर्क पूर्ण दाबलेला असताना वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं, जास्तीचं सिरिंजने ओढून घेतलं. तेलावर उरलेली हवा दाबली गेली की तीही स्प्रिंगसारखं काम करते, तेही मुख्यतः शेवटच्या टप्प्यात. दोन पायांत पातळी वेगळी राहिली तर खोल आदळण्यात दोन्ही वेगळं वागतात.

पाय बाइकवर चढवताना माझी आणखी एक जुनी चूक सापडली. खालच्या क्लॅम्पचे बोल्ट मी लांब पान्याने अंदाजाने आवळायचो. मॅन्युअलमध्ये 20 न्यूटन मीटर होतं. त्याहून जास्त आवळलं की बाहेरची नळी चेपते आणि फोर्क त्या जागी अडखळतो. टॉर्क रेंच लावला. एक्सलचा नट आवळल्यावर मोकळ्या बाजूचे, म्हणजे एक्सलवर सरकू शकणाऱ्या पायाचे, एक्सल चिमटून धरणारे पिंच बोल्ट ढिलेच ठेवले, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबला आणि तो पाय आपल्या जागी आल्यावरच ते बोल्ट घट्ट केले. पाय समांतर नसले तर नवे बुशही वेडेवाकडे झिजतील. शेवटी लिहून ठेवलेले क्लिक परत लावले आणि चाक हवेत असताना वरच्या स्क्रूमधून साचलेली हवा सोडली.

पहिल्याच राइडला खडकाळ वाटेवर हँडल हातात शांत राहिलं. लहान खडी फोर्क गिळत होता, पूर्वी तीच मनगटापर्यंत यायची. परतल्यावर दोन्ही नळ्यांवर पांढरा टिश्यू फिरवला. धूळ आली, तेल नाही. घाव होता त्या उंचीवर नळीसमोरच्या प्लास्टिक गार्डच्या आतून मार्करने खूण केली आहे. बाइक धुतली की तिथे आधी नख फिरवून बघतो.