हिशेबी

मंगळवार, रात्री उशिरा

लिहिणार नव्हते. पण राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, हाताला रोज लिहायची सवय हवी म्हणतात. तर हा घ्या सराव.

त्याचं आणि माझं संपलं. भांडण वगैरे काही नाही. शास्त्री रोडवर, अभ्यासिकेखालच्या टपरीवर चहा पिता पिता त्याने सांगून टाकलं, "घरी विषय काढून पाहिला, जमणार नाही." जात एकच, शिक्षण सारखंच, त्यामुळे मला आधी कळेचना. मग म्हणाला, "तुझ्यावर जबाबदाऱ्या खूप आहेत गं. मागे दोन बहिणी, बाबांचं कर्ज, त्यात तुझी पोस्ट कधी निघेल सांगता येत नाही."

हे सगळं मीच सांगितलेलं त्याला. झेड ब्रिजच्या कठड्याला टेकून, विश्वासाने. त्याने आईपुढे मुद्दे पाडून मांडलं असणार. उत्तरं चांगली लिहितो तो.

आणि हाच मला हिशेबी म्हणायचा! फर्ग्युसन रोडवर पहिल्यांदा नेलं तेव्हा मी मेनूकार्डावर आधी किमती वाचल्या आणि भूक नाही म्हणून नुसती कॉफी घेतली. रूमवर येऊन माझ्या वाट्याचे पैसे त्याला जीपे केले तर फुगून बसला. "आपल्यात कसला हिशेब?" असं ज्याला महिनाअखेरीस बापाला फोन लावावा लागत नाही तोच म्हणू शकतो. त्याचं सिंहगड रोडला घर आहे, स्वतःचं. मी कॉट बेसिसवर.

बाबांना फोन करायचा म्हणजे काय असतं, हे त्याला सांगूनही कळलं नसतं. औशाकडे आमची तीन एकर. सप्टेंबरच्या पावसात उभ्या सोयाबीनच्या शेंगा काळ्या पडल्या. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता, ऐकायला झकास. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदी केंद्रावर माल घेत नाहीत. वाळवत बसावं तर इकडे माझी मेस, कॉटचं भाडं, अभ्यासिकेची फी थोडीच थांबते. बाबांनी ओला माल चार हजारांच्या आत अडत्याला घातला. हे मला आईकडून कळलं. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "पैशे टाकलेत बघ. पोटाला चिमटा घिऊ नको."

त्या पैशातली कॉफी मला गोड लागत नव्हती, यात हिशेबीपणा कुठला? मी चहाकॉफीचा हिशेब ठेवला. त्याने माझ्या अख्ख्या घराचा ठेवला आणि बेरीज होईपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही.

आवडत होता, हे मात्र खोटं कसं लिहू? सनावळ्या पाठ करताना बोटं मोडत बसायचा, तेव्हा अभ्यासिकेत हसू दाबताना माझी पुरेवाट व्हायची. एकदा त्याच्या गाडीवर सिंहगडाला गेलो. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. तो बूट घालत होता तेवढ्यात मी मावशींना पैसे देऊन टाकले. उतरताना वाऱ्यात मोठ्याने गात होते मी, मी! शाळेतसुद्धा कधी गायले नव्हते. तो दिवस काही मला कुणाला परत करायचा नाही.

रडू संध्याकाळी येऊन गेलं, मेसच्या रांगेत. बटाट्याची भाजी होती. पूर्ण जेवले, पैसे भरलेत.

रूममेट म्हणते, आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर. करणार आहे. पण माझ्या अर्थशास्त्राच्या नोट्स त्याच्याकडे आहेत, झेरॉक्सलाच साडेतीनशे गेले होते. त्या आधी मागून घेते.