आमचे विज्ञानाचे सर

आज सरांना तापीकाठी निरोप देऊन आलो. किती बॅचेसची पोरं आली होती! कोणी रेल्वेतली ड्युटी बदलून, कोणी केळीच्या बागेतून थेट, पायाला चिखल तसाच.

सरांनी विज्ञान फळ्यापेक्षा मैदानावर जास्त शिकवलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, भर सुट्टीत, जळगावचा पारा 44-45 ला टेकलेला असताना ते आम्हाला शाळेत बोलवायचे. गवंड्याचा ओळंबा लावून लोखंडी पाईप उभा करायचे. साडेबाराच्या जरा आधी त्याची सावली आखडत आखडत बुडाशी जिरून जायची आणि आम्ही आपापल्या पायांखाली बघत ओरडत सुटायचो. आपण साधारण 21 अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. जुलैतला दिवस बहुतेक ढगात जातो, म्हणून मेमध्ये यायचंच, असा त्यांचा हट्ट. दिल्लीवाल्यांना हे घरबसल्या कधीच दिसत नाही, हे सांगताना तर काय खुलायचे!

"समजनं का रे भाऊ?" असं विचारायचे. नाही म्हणणाऱ्यावर कधी चिडले नाहीत. त्याच्याजवळ उकिडवे बसून काडीने मातीत आकृती काढून पुन्हा सांगायचे. विज्ञानाला घाबरणारी आमच्यासारखी शेतकऱ्यांची पोरं त्यांच्यामुळेच पुढे शिकली.

येत्या मेमध्ये आमच्या गच्चीवर पाईप उभा करणार आहे. जळगावात असाल त्यांनी पोरांना घेऊन या. टोप्या आणि पाणी सोबत ठेवा.